प्रयागबाईचा जोडतुरा

शेळगावात प्रयागबाईच्या तोंडाला लागायचं नाही, ही गोष्ट शाळेतल्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. बाई महाफटकळ. बांधावरनं कुणाची शेळी आत आली तर शेळी राहायची बाजूला, मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. लोक म्हणायचे, जिभेला हाड नाही. आता खरं सांगायचं तर तिला असं केलं होतं गावानंच. पण गाव स्वतःचं कधी बघतंय का?

माहेर तिचं पणदऱ्याचं. लग्न होऊन शेळगावात आली आणि तिसऱ्या वर्षी नवरा गेला. रामहरी त्याचं नाव. उसाच्या ट्रॅक्टरवर होता, कारखान्याच्या वाटेवर ट्रॉली पलटी झाली आणि हा खाली सापडला. पोरबाळ नव्हतं. भाऊ न्यायला आला, तर ही गेली नाही. सासू एकटी पडली असती. ती म्हातारीही विधवाच. एका घरात दोन विधवा, मग काय, सणावाराला त्या घराकडं कुणी फिरकायचं नाही. गावात डोहाळजेवण असो, बारसं असो, मागच्या दारी लसूण सोलायला प्रयागबाई पाहिजे आणि पुढच्या दारी ओटी भरताना प्रयागबाई नको. इंदापूरच्या एसटीला निघालेल्या बायका हिचं तोंड दिसलं की घरात परत जाऊन पाणी पिऊन निघायच्या. हे रोज बघणाऱ्या बाईची जीभ गोड राहील कशी, तुम्हीच सांगा.

भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा पाटाखालची काळी जमीन दिराच्या वाट्याला गेली. हिच्या पदरात दोन तुकडे पडले. एक वीस गुंठ्यांचं वावर, ज्यात ती म्हशीपुरता लसूणघास करायची. दुसरं माळाच्या कडेचं डबरं. कातळातली खोलगट जागा, परड्याएवढी. पावसाचं पाणी साचायचं, दिवाळीनंतर हटत जायचं आणि फाल्गुनात तळ उघडा पडून भेगाळायचा. उन्हाळ्यात पोरं तिथं क्रिकेट खेळायची. असलं डबरं कुणाला हवं? म्हणून ते विधवेला. पण हसू नका. त्या डबऱ्यात जोडतुरा यायचा.

जोडतुरा हे गावानं ठेवलेलं नाव. मृगाच्या पावसानं डबरं भरलं की आठ-पंधरा दिवसांत चिखलातनं लांबट पानं वर यायची आणि पाण्यावर पसरायची. श्रावण सरता सरता एकेक दांडी उभी राहायची. दांडीच्या टोकाला दोन फाटे आणि दोन्ही फाट्यांना बारीक बारीक गुलाबीसर फुलं गच्च. एका दांडीवर दोन तुरे, जोडीनं. पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं हे नव्हतं. लासुर्ण्याच्या बायका शेळगावच्या बायकांवर त्यापायी जळायच्या.

का, तर गौरी. दोघी बहिणी घरात येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तर त्यांना जोडतुरा पाहिजेच, अशी शेळगावची रीत. बाकी गावांत तेरड्यावर भागतं, इथं भागत नाही. आणि रीत पुढं अशी, की ज्या बाईच्या घरी गौर बसायची तिनं त्या पाण्यात पाय घालायचा नाही. भरल्या कपाळानं, भरल्या ओटीनं बांधावर उभं राहायचं. पाण्यात उतरून तुरा काढून द्यायचा तो जिच्या घरी गौर नाही तिनं. म्हणजे कुणी? म्हणजे डबऱ्याच्या मालकिणीनं, कारण विधवेच्या घरी गौर बसवायची नाही. आधी सासूनं दिला, सासू गेल्यावर प्रयागबाईनं. ही रीत कुणी घातली देव जाणे. ज्यानं घातली त्याला निदान थोडी लाज असावी.

तेवढा एक दिवस, बघा. गौरी आवाहनाच्या सकाळी प्रयागबाई धुवट लुगडं नेसायची, केस चापून बसवायची आणि दिवस उगवायला डबऱ्याच्या बांधावर हजर. मग बायका यायच्या. सगळ्या! सरपंचाची सून, दूधसंघातल्याची बायको, एसटीवरनं मागं फिरणाऱ्या त्याच सगळ्या. ताटं घेऊन रांगेनं उभ्या. ही गुडघाभर पाण्यात, पदर खोचून.

"प्रयागबाई, मला जरा टवटवीत दे गं."

"टवटवीत दे म्हणं! तुला काय शिळं देणार हाय व्हय? गप उभी ऱ्हा."

हसायच्या सगळ्या. त्या दिवशी तिचं बोलणं कुणाला लागत नव्हतं. ती दांडी मुळाशी धरून हलकेच ओढायची, खालचा कांदा चिखलातच राहील अशी, आणि तुरा पदराला पुसून बांधावर हात वर करायची. घेताना प्रत्येकीचा हात तिच्या हाताला लागायचा. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत तिला मुद्दाम हात लावणारं त्या गावात एकच माणूस होतं, पुतण्या रणजितची बायको सोनम. ती पोर भली. चुलत सासूच्या डोक्याला तेल लावून द्यायची, शिव्या खायची आणि परत यायची.

असं चाललं होतं. आणि मग बारामतीच्या कॉलेजातली बाई आली.

शेळगावच्या कुण्या पोरीनं वर्गात गौरीचा फोटो दाखवला, तो या स्वरूपा मॅडमनं पाहिला. वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी स्कूटीवरनं थेट डबऱ्यावर. चप्पल काढून पाण्यात उतरल्या आणि पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. प्रयागबाई काठी घेऊन आलीच.

"कोण गं तू? कुणाला इचारून उतरलीस?"

"आजी, हे तुमचं आहे?"

"मंग काय तुझ्या बाचं हाय?"

बाई हसली. रागावली नाही, हे प्रयागबाईला आवडलं. मग बांधावर बसून तिनं सांगितलं, की असली झाडं लांब सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, थोड्या जागी उरलीत. इकडं कोरडवाहू मुलखात ही जात सापडेल असं तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. उसासाठी माळ सपाट झाले, डबरी मुरूम टाकून बुजवली, हे एकच राहिलं. "तुमच्यामुळं राहिलं, आजी. जपा याला."

जपा म्हटलं आणि प्रयागबाईच्या डोळ्यांना धार लागली. अहो, रणजितनं किती वेळा म्हटलं होतं, काकी, डबरं बुजवू, वर दोन सरी ऊस येईल. तिनं दरवेळी त्याला फाडून खाल्लं होतं. ते भांडण बरोबर होतं, असं पहिल्यांदा कुणीतरी शिकलेलं माणूस म्हणत होतं.

पुढं सगळं झालंच. पेपरात फोटो आला. ग्रामपंचायतीनं फाट्यावर पाटी लावली, 'दुर्मिळ जोडतुरा, शेळगावची शान'. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात प्रयागबाईला शाल घातली. शाल सरपंचानं घातली, नारळ सरपंचाच्या बायकोनं दिला, कुंकू लावायची वेळ आली तेव्हा ताट हळूच पुढच्या खुर्चीकडं गेलं. प्रयागबाईनं ते पाहिलं. पण शाल अंगावर होती, त्या दिवशी ती कुणाला काही बोलली नाही. रणजितही मग बदलला. पै-पाहुण्यांना गाडीतनं डबरं दाखवायला आणायला लागला. "आमच्या काकीचं हाय," म्हणायचा.

मग तो उन्हाळा आला. तसा उन्हाळा जुन्या माणसांनीही बघितला नव्हता. पाटाला पाणी कमी, आवर्तन लांबलेलं. विहिरींनी तळ गाठला. डाळिंबाच्या बागांना लोक टँकरनं पाणी घालत होते. आणि डबरं नेहमीसारखं कोरडं पडलं. नेहमीसारखंच, बरं का! दरवर्षी फाल्गुनात ते तसंच पडायचं. पण दरवर्षी ते नुसतं डबरं असायचं. आता ते शेळगावची शान होतं. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "आरारा, प्रयागबाई, वाळून चाललं की हो तुमचं फूल! पेपरात आलेलं."

ती रोज डबऱ्यावर जायला लागली. भेगांत हात घालून बघायची, तर माती वरवंट्यासारखी टणक. आत काय असेल, मेलं असेल का जिवंत असेल? शेवटी सोनमकडनं मॅडमना फोन लावला. मॅडम तेव्हा परगावी प्रशिक्षणाला होत्या.

"कोरडं पडलंय बाई सगळं. काय करू?"

"काही करू नका आजी. कोरडंच राहू द्या. पाऊस आला की येईल आपोआप."

"पाणी घालू का थोडं?"

"नको, अजिबात नको. ते झोपलंय खाली. त्याला—" आणि रेंज गेली. पुन्हा लागला नाही.

प्रयागबाईनं फोन सोनमच्या हातात दिला. "नगं म्हणती. पाणी नगं म्हणती ती."

"आत्ती, त्यांचा अभ्यास हाय त्यातला."

"अभ्यास हाय! तिला काय, नळ सोडला की पाणी. जिवाला पाणी नगं असं जगात कुठं असतंय का?"

आणि हे नुसतं तिलाच वाटलं असं समजू नका. अख्ख्या गावाला तेच वाटलं. ज्या मुलखात पाण्याच्या पाळीवरनं सख्खे भाऊ एकमेकांच्या डोक्यात फावडी घालतात, जिथं लेक देताना पाहुणे आधी विचारतात की पाणी किती, तिथं एखाद्या जिवावर माया करायची म्हणजे काय करायचं? पाणी द्यायचं. दुसरी माया इथल्या माणसाला माहीतच नाही. कोरडं ठेवणं हा शत्रूला द्यायचा शाप आहे आमच्याकडं.

चैत्र संपता संपता पाटाला पाणी सुटलं. प्रयागबाईची पाळी आली. पुढची पाळी कधी मिळेल, मिळेल का नाही, पाटकऱ्यालाही माहीत नव्हतं. घास टाचेएवढा होऊन माना टाकून उभा होता. दावणीला दोन म्हशी, त्यांच्या दुधावर तिचं घर चालायचं. तिनं चारीच्या तोंडाशी उभं राहून एकदा घासाकडं बघितलं आणि रणजितला हाक मारली.

"डबऱ्याकडं घाल पाणी."

"काकी, घास जाईल."

"जाऊ दे. मी इचारलं का तुला?"

रणजितनं स्वतःचा पाइप आणून जोडला. एवढंच नाही, आपल्या उसाच्या पाळीतलंही पाणी त्यानं तिकडं वळवलं. ज्या माणसाला डबरं बुजवायचं होतं त्यानं! त्याचंही मन मोठंच, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पाणी भेगांत शिरताना बुडबुडे यायला लागले आणि प्रयागबाई बांधावर बसून लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. "पी," म्हणाली, "पी बाबा पोटभर."

वैशाखात डबरं काठोकाठ. सगळं रान भाजून निघालेलं आणि मधे निळं पाणी. बगळे उतरले. पोरं डुंबायला लागली. पाटाच्या पाण्याबरोबर चिलापी मासे आले, त्यांची पिल्लावळ झाली, पोरांना गळ टाकायला नवी जागा मिळाली. घास वाळून गेला. सोनम चोरून उसाचं वाढं आणून म्हशींना टाकायची, पण म्हशी आटल्या त्या आटल्याच. एक म्हैस विकावी लागली. प्रयागबाईनं डोळ्यातनं टिपूस काढलं नाही. लोक म्हणायचे, प्रयागबाई, तुमच्यासारखं काळीज पाहिजे. गावानं तिला असं कधी म्हटलं होतं? म्हशी काय, परत येतील.

मृग बरसला. दरवर्षी पंधरा दिवसांत पानं यायची. पंधरा दिवस झाले, महिना झाला. एका कोपऱ्यात चार पानं दिसली, ती पिवळी पडून गळाली. उलट कडेकडेनं पाणकणसं तरारून वर आली, पाटाच्या कडेला असतात तसली, माणसाच्या कमरेएवढी. पाण्यावर हिरवी साय. वास सुटला.

आषाढ सरला तेव्हा प्रयागबाई एकटीच पाण्यात उतरली. जिथं हमखास दाट यायचं तिथं वाकून चिखलात कोपरापर्यंत हात घातला. हाताला सुपारीएवढा कांदा लागला. वर काढला आणि बोटांत धरला तर तो फुटला. आत नुसता काळा लगदा, कुजलेल्या बटाट्यासारखा घाण वास. दुसरा काढला, तोही तसाच. काही अर्धे कुरतडलेले, माशांनी खाल्लेले. ती काढत राहिली आणि बोटांतनं लगदा गळत राहिला. शेवटी त्याच पाण्यात बसली आणि मोठ्यानं रडली. रामहरी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं वस्तीवरच्या छबूबाईनं नंतर सांगितलं.

श्रावणात स्वरूपा मॅडम परत आल्या. बांधावरनंच त्यांनी पाणकणसं बघितली आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"उन्हाळ्यात पाणी होतं इथं?"

"व्हतं. माझ्या पाळीचं घातलं."

"मी नको म्हटलं होतं ना? फोनवर सांगितलं होतं तुम्हाला!" बाईचा आवाज चिरकला. "ते उन्हाळाभर कोरड्या मातीत झोपून असतं, आजी. कोरडं पडतं म्हणून तर इथं मासे टिकत नाहीत, पाणकणीस टिकत नाही, दुसरं कुणी त्याच्या वाटेला जात नाही. कोरडं पडत होतं म्हणून जगत होतं ते!"

प्रयागबाई नेहमीची असती तर बाईला तिथल्या तिथं उभी चिरली असती. ती नुसती म्हणाली, "सांगितलं व्हतंस. पर खरं वाटलं न्हाय गं." आणि पाण्याकडं बघत म्हणाली, "परत यील का?"

मॅडमनी पाण्यात उतरून सगळं धुंडाळलं. एकही कांदा धड मिळाला नाही. बी असेल तर असेल, म्हणाल्या, दोन-चार वर्षं कोरडं पडू द्या, बघू. पण बोलताना प्रयागबाईकडं बघत नव्हत्या. खोटा धीर देणाऱ्याला तोंड लपवावंच लागतं. जाताना फाट्यावरच्या पाटीपाशी त्यांची स्कूटी जरा थांबली, मग गेली.

गौरी आल्या. आवाहनाच्या सकाळी प्रयागबाई बांधावर जायचीच नव्हती. पण सोनमनं एक खटपट केली होती. बारामतीला जाऊन तिनं गुलाबी फुलांच्या प्लास्टिकच्या काड्या आणल्या होत्या आणि रात्र घालवून दोन-दोन काड्या एकत्र बांधून जोडतुरे केले होते. पिशवीभर.

"आत्ती, रीत मोडायची न्हाय. बायका येत्याल बांधावर. तुमी तुमच्या हातानं द्या. फूल खोटं आसंल, हात तर तुमचाच हाय."

"याड लागलंय का तुला?"

"चला तुमी."

पोरीचं मन मोडवेना म्हणून गेली. धुवट लुगडं नेसली, केस चापून बसवले. बायका आल्या खऱ्या, ताटं घेऊन. पाण्याकडं बघून चुकचुकल्या. सोनमनं पिशवी प्रयागबाईच्या हातात दिली. प्रयागबाईनं एक तुरा काढला आणि पहिल्या ताटाकडं हात केला. ताट आक्काबाईचं होतं. वयानं मोठी, लेकरा-नातवंडांची, सगळ्या गावाची रीतभात तिच्या तोंडावर. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. वाईट असती तर बरं झालं असतं, तिला शिव्या तरी देता आल्या असत्या.

आक्काबाईनं ताट जरा मागं घेतलं.

"प्रयागबाई, राग मानू नगं. त्या तुऱ्याला पाण्यात उतराय लागायचं, म्हणून तुझ्या हातनं घेत हुतो. हे तर दुकानातलं हाय. ह्याला कशाला तुझा हात? गौरीचं काम हाय बाई. ठिव खाली पिशवी, आमचं आमी घेतो."

बांधावर एवढ्या बायका, वर्षानुवर्षं त्या हातातनं तुरे नेलेल्या, पण एकीच्याही तोंडातनं शब्द फुटला नाही. एवढंच काय ते राहिलं होतं, तेही झालं.

प्रयागबाईनं हातातला तुरा परत पिशवीत टाकला, पिशवी बांधावर ठेवली आणि चार पावलं बाजूला होऊन उभी राहिली. बायकांनी एकेक करून वाकून आपापला तुरा घेतला. कुणाला टवटवीत हवा नव्हता, सगळे सारखेच होते. ताटं घेऊन त्या रस्त्याला लागल्या आणि वळणावर गेल्यावर बोलायला लागल्या.

पिशवीत एक तुरा उरला होता. सोनम तो घेऊन आली. तिला रडू आवरत नव्हतं.

"आत्ती, ह्यो तुमी घ्या."

"मी घिऊन काय करू, सोनम? माझ्या घरात गौर कुठं बसती?"